समुद्र दाखवू नका

उन्हाळ्यात इंद्रायणीचं पाणी खाली गेलं की कार्ला-कामशेतच्या पट्ट्यातून माझ्याकडे एकच तक्रार यायला लागते. ‘मिस्त्री, मोटार खडखडतीये, बेअरिंग गेलं वाटतं.’ बेअरिंग गेलेलं नसतं. गेलेलं बेअरिंग किरकिरतं, त्याला एक सूर असतो. हा खडखडाट बुडबुड्यांचा. काठावरच्या पंपाला पाणी फार खालून ओढायला लावलं की त्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो, की गार पाण्याचीही जागच्या जागी वाफ होते. ते वाफेचे बुडबुडे इम्पेलरच्या पात्यांपर्यंत पोचतात, तिथे दाब पुन्हा वाढतो आणि ते आतल्या आत कोसळून फुटतात. बरेच दिवस असंच चाललं तर बिडाच्या इम्पेलरलाही खड्डे पडतात. समुद्रसपाटीला हवेच्या दाबावर पाणी हिशेबाने दहा मीटरच्या थोडं वर चढतं. लोणावळ्याच्या सव्वासहाशे मीटर उंचीवर तो दाब सुमारे सात टक्के कमी, म्हणून ओढही तेवढी आखूड. गिऱ्हाइकाला हे सगळं सांगत बसत नाही. पंप दोन हात खाली उतरवायला लावतो, आवाज थांबतो.

पाणबुडीच्या पंख्याचंही असंच होतं. पंखा जोरात फिरला की पात्यांच्या पाठीमागे दाब उतरतो, बुडबुडे होतात, फुटतात, आणि तो आवाज पाण्यातून मैलोन्‌मैल जातो. उपायही तोच, खाली उतरा. खोलवर पाण्याचा दाब जास्त, तिथे त्याच वेगात बुडबुडे धरत नाहीत. पेरिस्कोप बाहेर काढण्याइतक्या उथळ पाण्यात जो वेग पाणबुडीची चुगली करतो, तोच शंभर मीटर खाली मुका असतो. पाणबुडीचा नवा खेळ हातात आला की मी सगळ्यात आधी हे तपासतो. वेग तोच ठेवून वर-खाली करून बघायचं, आवाज बदलतो का. बदलला तर करणाऱ्याने पाण्याचा विचार केलाय. नाही बदलला तर त्याने फक्त जहाजांची चित्रं काढलीत.

धंदा पंपांचा आणि नाद पाणबुड्यांच्या सिम्युलेशनचा. दुकान कामशेतला, घर खंडाळ्यात, समुद्र घाट उतरून पुढे मुंबईच्या पलीकडे. मावळात हा नाद असलेली माणसं फार नाहीत. क्रिकेटच्या किंवा गोळीबाराच्या खेळांवर बोलायला पोरं भेटतात. अंधाऱ्या स्क्रीनवर हिरव्या रेघा बघत तास घालवणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. त्यांचं चुकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला या खेळात काहीच होत नाही.

मायक्रोप्रोजच्या ‘सायलेंट सर्व्हिस’च्या, म्हणजे १९८५ च्याही, आधीपासून हे खेळ निघतायत. माझी सुरुवात ‘६८८ (आय) हंटर/किलर’पासून. १९९७ चा तो खेळ सोनालिस्ट्स नावाच्या कंपनीने केला होता, आणि ही कंपनी मुळात अमेरिकी नौदलासाठी काम करणारी. ते जाणवायचं. खेळात गंमत आणायचा प्रयत्न कुठे दिसत नव्हता आणि तीच गंमत होती. मग २००५ हे आमच्या पंथाचं वर्ष. त्या एका वर्षात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटींवरचा ‘सायलेंट हंटर ३’ आला, आणि सोनालिस्ट्सचाच ‘डेंजरस वॉटर्स’ आला. या दुसऱ्यात रशियन बनावटीची किलो जातीची पाणबुडी चालवायला मिळते. किलो म्हणजे आपली सिंधुघोष. १९८६ पासून २००० पर्यंत अशा दहा बोटी आपल्या नौदलात आल्या. अमेरिकी कंपनीच्या खेळात, रशियन बोटीतून, एक मावळातला मोटारवाला अरबी समुद्रात उतरला तो असा.

त्याहून मोठी गोष्ट, त्या खेळात मिशन लिहायची सोय होती. जगाच्या नकाशावर कुठेही जहाजं ठेवायची, त्यांचे मार्ग आखायचे, हवामान ठरवायचं, समुद्रात आवाज कसा वाकेल याचे तीन साचे असतात त्यातला एक निवडायचा. खेळण्यापेक्षा माझा जीव या लिहिण्यात जास्त रमला. मिशन लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या कानात काय पडेल आणि केव्हा पडेल हे ठरवणं. आणि काय पडणार नाही, हे त्याच्याही आधी ठरवणं.

याला वेळ लागतो, आणि वेळ माझ्याकडे असतो. मोटार रिवाइंड करून झाली की वाइंडिंगला वार्निश पाजून ती भट्टीत ठेवावी लागते. पावसाळ्यात तांब्याच्या वेटोळ्यांत ओल इतकी मुरलेली असते की घाई केली तर मोटार महिन्याभरात पुन्हा जळून परत येते. त्या वेळात मी खेळतो. बहुतेक खेळांत काळ पळवायचं बटण असतं, आठपट, शंभरपट. लांबच्या प्रवासापुरतं ते ठीक. पण एकदा सोनारवर पहिली रेघ उमटली की मी काळाला हात लावत नाही. भट्टीतल्या मोटारीला जशी घाई चालत नाही तशी इथेही नाही.

आता ती रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे.

खंडाळ्यात जुलैत धुकं उतरलं की अंगणातलं फाटकसुद्धा दिसत नाही. पण घाटातल्या गाड्या ऐकू येतात. चढणारी गाडी आणि उतरणारी गाडी कानाला वेगळी लागते. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावलेली असतात, सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ, त्यामुळे आवाज पुढून एक आणि मागून एक असे दोन येतात. उतरणारीचे ब्रेक करकरत असतात. दिशा लगेच कळते. अंतर कळत नाही. नागफणीच्या अंगाला एक घरघर आहे, ती जवळची सावकाश चाललेली मालगाडी आहे की लांबची जोरात निघालेली एक्सप्रेस, हे एका जागी उभं राहून सांगता येत नाही. दोन्हींचा आवाज कानाभोवती सारख्याच गतीने सरकतो. कळून घ्यायचं असेल तर स्वतः चालावं लागतं. मी झपझप डावीकडे निघालो तर जवळचा आवाज लवकर मागे पडतो, लांबचा जागच्या जागी राहतो.

सोनारवरची रेघ अशीच असते, आवाजाची दिशा दाखवते, अंतर नाही. पाणबुडीही असंच चालून बघते. आपला सोनार सोडून टॉक असा आवाज मारला तर अंतर झटक्यात मिळतं, पण त्या क्षणी सगळ्या समुद्राला आपला पत्ता लागतो. म्हणून नुसतं ऐकायचं. समजा एक आवाज समोरून येतोय. ४ नॉट वेगाने त्याला आडवं डावीकडे जा, दिशा मिनिटाला किती अंश सरकते ते मांडा. मग वळा, तितक्याच वेगाने उजवीकडे जा, पुन्हा मांडा. दोन सरकण्यांत मिनिटाला २ अंशांचा फरक पडला, तर आपल्या आडव्या वेगातला फरक ८ नॉट भागिले २, गुणिले १,७६९. म्हणजे तो आवाज सुमारे ७ किलोमीटरवर आहे. अमेरिकी नौदलातल्या जॉन एकलंड या अधिकाऱ्याने १९५८ मध्ये ही रीत बसवली, तिला त्याचंच नाव आहे. गणित सातवीतलं पोरगंही करेल. मात्र त्यात एक गृहीत आहे. आपण वळत असताना समोरच्याने वळायचं नाही. तो वळला की उत्तर खोटं, आणि उत्तर खोटं आहे हे सांगणारं कुणी नाही. कागदावर मात्र आकडा तसाच ठाम दिसतो.

मी अजूनही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने मांडतो. खेळ स्वतः मांडून देतो, तरी. मुलगा म्हणतो, ‘बाबा, कॉम्प्युटरवर बसून कागद कशाला?’ कागदावर माझा संशय लिहिता येतो. ‘हा ट्रॉलर असेल’, ‘इथे वळला काय?’, ‘हे दोन नसून एकच’. खेळाच्या नकाशावर संशयाला जागा नसते, तिथे लाल त्रिकोण येतो आणि त्रिकोण आला की माणूस विचार करायचं थांबतो.

नव्या खेळाबद्दल मला जी धास्ती आहे ती या त्रिकोणाची.

‘मॉडर्न नेव्हल वॉरफेअर’ हे त्याचं नाव. मास्लास ब्रदर्स नावाची मंडळी करतायत, प्रकाशक स्लिदरिन. आपण अमेरिकेच्या व्हर्जिनिया जातीच्या अणुपाणबुडीचा ताबा घ्यायचा. ‘डेंजरस वॉटर्स’ला वीस वर्षं उलटली, मधल्या काळात ‘कोल्ड वॉटर्स’ आला, ‘यूबोट’ आला, चार-पाच जणांनी मिळून एक बोट चालवायचा ‘वुल्फपॅक’ आला. सगळे आपापल्या जागी चांगले. पण आधुनिक पाणबुडीच्या सोनारसमोर बसवून ‘ऐक आणि ठरव’ असं सांगणारा खेळ त्यानंतर झाला नाही. म्हणून या एका नावावर आमच्यासारखे लोक काही वर्षं डोळे लावून बसलेत. तारीख पुढे जाते त्याचं मला दुःख नाही. वाइंडिंग ओलं असेल तर मीही गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो.

चित्रफिती मी पाहिल्यात. नियंत्रण कक्ष देखणा आहे, स्क्रीन झळाळतात, बाहेरचं पाणी तर इतकं सुंदर की हात घालावासा वाटतो. आणि तिथेच माझ्या पोटात गोळा येतो. पाणबुडीला खिडकी नसते. आतल्या माणसाला ते निळं पाणी, वरून झिरपणारा उजेड, बोटीच्या काळ्या पाठीवरून सरकणारे किरण यातलं काही कधीच दिसत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यातून आपलीच बोट बघणं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर पट्टी बांधल्याचं नाटक करून फटीतून बघणं. बाहेरचा कॅमेरा विक्रीसाठी लागतो हे मला मान्य. पण तो बंद करायची सोय नुसती असून भागत नाही. तो बंद केल्यावरही खेळ पुरेसा भरलेला वाटला पाहिजे, आणि ते काम चित्रकाराचं नाही, आवाजवाल्याचं आहे.

दुसरी धास्ती अणुभट्टीची. व्हर्जिनियाला बॅटरीची चिंता नाही. पाहिजे तितके दिवस पाण्याखाली, पाहिजे तितका वेग. किलोचं तसं नाही. तिच्या पोटात १२० सेलांचे दोन गट असतात. ३ नॉटने रांगत गेलं तर साधारण ४०० सागरी मैल, म्हणजे साडेपाच दिवस. जोरात पळालं तर काही तासांत खेळ खलास. मग वर यायचं, नळी बाहेर काढायची, डिझेल इंजिनं धडधडवायची आणि सगळ्या समुद्राला ओरडून सांगायचं, मी इथे आहे. किलोचा कप्तान प्रत्येक निर्णयाला बॅटरीचा काटा बघतो. हा काटा गेला की भीती निम्मी होते, आणि माझ्या मते खेळही निम्मा होतो. आपल्याकडेही अरिहंत ही अणुपाणबुडी आहे, २०१६ पासून. तरी मुंबईच्या गोदीत माझगाव डॉकने एकामागून एक बांधलेल्या कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर या सहाही डिझेल-बॅटरीच्याच. करणाऱ्यांनी पुढे कधीतरी डिझेल बोट द्यावी, माझं पहिलं मागणं हे.

दुसरं मागणं समुद्राचं. या सगळ्या खेळांचा समुद्र उत्तर अटलांटिकचा असतो. थंड, खोल, मोकळा. आमचा समुद्र तसा नाही. मुंबईसमोर तळ इतका हळू उतरतो की १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायला पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास आहे. किलोची लांबी साडेबहात्तर मीटर. शेपटीवर उभी केली तर नाक पाण्याच्या पातळीला लागेल. व्हर्जिनिया ११५ मीटर, ती तर चाळीस मीटर बाहेरच राहील. ‘खाली जा’ हा पाणबुडीचा सगळ्यात जुना उपाय इथे चालत नाही, खाली जागाच नाही. आवाज तळावर आपटतो, वर आपटतो, पुन्हा तळावर, आणि ऐकणाऱ्याकडे त्याच्या चिंध्या पोचतात.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. पण सरळ जात नाही. कोमट पाण्यात वेग जास्त, गार पाण्यात कमी, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या बाजूला वाकतो. म्हणून वर उन्हाने तापलेला थर आणि खाली गार पाणी असेल तर आवाज खाली वळतो आणि वरच्या अंगाला सावली पडते. त्या सावलीत बोट असेल तर थोड्या अंतरावरून जहाज गेलं तरी त्याला पत्ता लागत नाही. सकाळी चोख चालणारा सोनार दुपारी आंधळा होतो हे अमेरिकी नौदलाला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच कळलं होतं. दोष यंत्रात शोधत बसले होते, निघाला उन्हात. एप्रिलमधल्या दुपारी कोकणासमोर काय होत असेल याचा अंदाज करा.

आणि आमच्या समुद्राला ऋतू आहेत. हे कुठल्याच खेळात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा पाण्याखाली लाटांचा आणि पावसाचा आवाज. पाऊस पाण्याखाली ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे मुसळधारेपेक्षा रिमझिमीचा सूर जास्त तीक्ष्ण असतो, कारण बारीक थेंब पाण्यात शिरताना हवेचा इवलासा बुडबुडा अडकवतो आणि तो वाजतो. मग नारळी पौर्णिमा होते, आणि एका आठवड्यात रायगड-रत्नागिरीसमोरचं पाणी होड्यांच्या इंजिनांनी भरून जातं. दोन, चार, सहा सिलिंडरची इंजिनं, ट्रॉलर, पर्ससीनवाले, गिलनेटवाले. उथळ कोमट पाण्यात त्यात भर म्हणून कोळंबीची एक जात नांगीने टिचकी मारत असते. ती टिचकीही नांगी नांगीवर आपटल्याची नव्हे, तिने उडवलेल्या पाण्याच्या झोतात बुडबुडा होतो आणि तो कोसळतो त्याची. हजारोंनी टिचक्या मारल्या की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. पंप, पंखा, पाऊस, कोळंबी; माझं अर्धं आयुष्य बुडबुड्यांत गेलं म्हणायचं.

माझं एक मिशन मी जुलैत आणि सप्टेंबरात अशा दोन तारखांना लिहिलंय. जहाजं तीच, मार्ग तेच. सप्टेंबरवाल्यात फक्त मासेमारीच्या होड्या घातल्या, खेळाने सोसल्या तेवढ्या. सगळा डावच बदलला. शत्रू शोधणं बाजूला राहिलं, कुणाच्या जाळ्यात जाऊ नये आणि कुणाला धडकू नये यातच रात्र गेली. खेळ म्हणून लिहिताना मजा येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या वायव्येला सुमारे ७० सागरी मैलांवर मार्थोमा नावाची मासेमारी नौका आणि नौदलाची पाणबुडी खरोखर एकमेकींवर आदळल्या. नौकेवर १३ जण होते, ११ वाचवले गेले. त्या बातमीनंतर मी ते मिशन उघडून होड्यांकडे बराच वेळ बघत बसलो. खेळात त्यांना मी ‘गोंगाट’ या नावाच्या गटात ठेवलं होतं. गटाचं नाव बदललं. नव्या खेळात होड्या असाव्यात, आणि होडीला धक्का लागला तर मिशन तिथेच संपावं, गुण कापून पुढे जाता येऊ नये, एवढं मी करणाऱ्यांना हात जोडून सांगेन.

लोणावळ्यात खऱ्या सिम्युलेटरची वानवा नाही, आपल्याला आत जाता येत नाही एवढंच. भुशी धरणावरून टायगर पॉइंटकडे जाताना लागतं ते आयएनएस शिवाजी. १९४५ पासून नौदलाची इंजिनवाली माणसं तिथे घडतात, समुद्रापासून इतक्या उंचीवर. पर्यटक भजी खात फाटकाचे फोटो काढतात आणि पुढे जातात. पुढे कुरवंडे. त्याच घाटाने १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान गुपचूप कोकणात उतरायला निघाला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोन्हीकडून त्याला कोंडलं. शत्रूला पुरता आत येऊ द्यायचं आणि तोवर श्वास रोखून बसायचं, ही पाणबुडीवाल्याची विद्या इथे डोंगरात आधीच होऊन गेलेली.

माझ्याकडे एक नेव्हीवाले काका विहिरीची मोटार घेऊन येतात. आयुष्य इंजिनरूममध्ये गेलेलं. त्यांच्याकडून मला शिवाजीतल्या डॅमेज कंट्रोल सिम्युलेटरबद्दल कळलं, गोवा शिपयार्डने बांधलेला. लोखंडी खोल्या, त्या जहाजासारख्या डोलतात, भिंतींतून पाण्याचे फवारे सुटतात आणि पोरांनी लाकडी पाचरा, खुंट्या ठोकून ते थांबवायचे. मी त्यांना मोठ्या उत्साहाने माझा खेळ दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘मिस्त्री, सगळं बरोबर आहे. पण यात कुणी भिजत नाही.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘आणि वास नाही. बोटीवरून घरी आलं की बायको कपडे बाहेर ठेवायला लावते. डिझेल.’ बोटीबद्दल याहून जास्त ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला पुरली. आत असताना सगळ्यात थकवणारं काम कुठलं, तर काही न करणं. बाहेर कुणीतरी आहे, तो कोण ते माहीत नाही, आणि हुकूम आहे की हलू नका. एकही खेळ हे दाखवत नाही, कारण खेळाला वाटतं खेळणारा कंटाळेल.

खेळाला आणखी एक गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे उत्तर नसणं. टॉर्पेडो लागला की स्क्रीनवर नाव येतं, टनेज येतं, पदक येतं. विशाखापट्टणमसमोर १९७१ च्या ३-४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. आपल्या आयएनएस राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जने, की तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, की आतल्या स्फोटाने, यावर अजून वाद चालतो. पन्नास वर्षं. खेळात हे पाच सेकंदांत मिटलं असतं.

त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. मिशन लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रसंग सगळ्यात अभ्यासण्यासारखा आहे: पाणबुडीने तासन्‌तास आवाजावरून माग काढला, आणि शोधणाऱ्या जहाजाचा सोनार तिच्या कानापुढे तोकडा पडला. मला दोनदा विचारणा झाली, खुकरीवर लिही म्हणून. लिहिलं नाही, लिहिणार नाही. हँगोरच्या बाजूने खेळायचं तर हात चालत नाही, खुकरीच्या बाजूने खेळून तिला वाचवायचं तर तो खोटेपणा आहे. यू-बोटीत बसून कुणाची तरी जहाजं मी बुडवतोच की, त्यांच्याही घरी माणसं होती. विसंगती आहे. असू दे.

नव्या खेळाच्या बाकीच्या चिंता सगळ्यांच्याच आहेत, त्यांत माझं वेगळं काही नाही. ग्राफिक कार्ड केवढ्याचं लागेल. इंटरनेट सतत लागेल का; ‘सायलेंट हंटर ५’ ने २०१० मध्ये तो आग्रह धरला तेव्हा जगभरचे खेळाडू खवळले होते, आणि आमच्याकडे तर पावसाळ्यात वीज आहे तेवढं पुष्कळ. शत्रूच्या जहाजांना माझी जागा आधीच ठाऊक असेल का, की त्यांनाही माझ्यासारखं ऐकून शोधावं लागेल. ही शेवटची चिंता मात्र छोटी नाही. न जाणणं फक्त माझ्या वाट्याला आलं आणि संगणकाला सगळं माहीत असलं, तर ती लबाडी पहिल्या तासात कानाला कळते. चांगला शत्रू चुकला पाहिजे. देवमाशावर टॉर्पेडो सोडणारा शत्रू मला चालेल, आवडेल.

आणि मिशन लिहायची सोय. ती नसेल तर बाकी सगळं असूनही तो खेळ दोन वर्षांत म्हातारा होईल. ‘डेंजरस वॉटर्स’ आज जिवंत आहे तो करणाऱ्यांमुळे कमी आणि त्यात आपापला समुद्र लिहिणाऱ्यांमुळे जास्त.

खेळ आला की पहिल्या रात्री काय करायचं हे ठरलेलं आहे. व्हर्जिनिया घेऊन मुंबई हायच्या पश्चिमेला जायचं, इंजिन मंद करायचं, बाहेरचा कॅमेरा बंद, नकाशा बंद, आणि सोनारवर बसायचं. स्टीमवर खेळ परत करायचा असेल तर तो १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. त्या दोन तासांत आजूबाजूच्या प्रत्येक जहाजाचं नाव, अंतर, वेग लिहिलेला त्रिकोण समोर आला, तर पैसे परत. दोन तास होत आले तरी उत्तरेकडच्या त्या एका घरघरीचं काय करावं ते मला ठरवता येत नसेल, तर ठेवून घेईन.